विमान किती वेळात पोचेल? घरच्या घरी हिशेब

जालन्यात तीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे गल्लीतलं कोणी पहिल्यांदा विमानात बसणार असलं की आधी माझ्या ओट्यावर येतं. "बाई, दिल्लीला किती वेळ लागंल?" एका माजी विद्यार्थ्याला मी नुसता भागाकार करून सव्वा तास सांगितला होता. त्याने तेवढ्यावर वडिलांचं पुढच्या रेल्वेचं तिकीट काढलं. गाडी चुकली, म्हातारा माणूस रात्रभर फलाटावर बसून राहिला. तेव्हापासून मी पूर्ण हिशेब सांगते.

आधी अंतर. मोबाइलच्या नकाशात विमानतळावर बोट दाबून धरा. दोन आकडे येतात: पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. आपलं चिकलठाणा, म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं विमानतळ, १९.८६ आणि ७५.४०, दिल्ली २८.५७ आणि ७७.१०. अक्षांशांतला फरक ८.७१. एका अंशाला १११ कि.मी. धरा, झाले ९६७.

रेखांशाला हाच आकडा लावला की गणित चुकतं. वर्गात मी मोसंबी सोलून दाखवायची. फोड मधे रुंद, देठाकडे निमुळती. रेखावृत्तांमधली जागा अशीच विषुववृत्तावर १११ कि.मी. असते आणि ध्रुवाकडे आवळत जाते. आपण आणि दिल्ली यांच्या मधोमध, २४ अक्षांशाजवळ, ती साधारण १०२ भरते. फरक १.७०, म्हणजे १७३ कि.मी. आता पायथागोरस: दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर ९८२ कि.मी.

देशातल्या देशात ही रीत पुरते. दूरच्या देशासाठी पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणा आणि तोच दोरा विषुववृत्तावर धरून बघा. तो पूर्ण वेढा सुमारे ४०,००० कि.मी.चा आहे. भिंतीवरच्या सपाट नकाशावर मात्र पट्टी लावू नका.

आता वेळ. जेट विमान उंचीवर गेल्यावर ताशी ८०० कि.मी.च्या आसपास जातं. ९८२ भागिले ८०० म्हणजे ७४ मिनिटं. मी इथेच थांबले होते. विमानाला धावपट्टीपर्यंत जायचं असतं, वर चढायचं असतं, उतरताना रांगेत थांबायचं असतं. त्याचा अर्धा-पाऊण तास मिळवा, म्हणजे पावणेदोन ते दोन तास. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतची असते. म्हणून मुंबई हवेतून जेमतेम २८० कि.मी. असूनही तिकिटावर तासाभराचा प्रवास दिसतो.

हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे वारे जोरात असतात. मुंबईहून कोलकात्याला जाताना ते पाठीशी येतात, परतताना समोरून. आपल्या दिल्लीच्या वाटेवर, दक्षिणोत्तर असल्यामुळे, त्यांचा फरक कमी पडतो.

दुबईचं तिकीट असेल तर एक गोष्ट वहीत लिहूनच ठेवा: दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. दुबई आपल्या दीड तास मागे. उतरण्याच्या वेळेत दीड तास मिळवून मगच वजाबाकी करा.

सकाळी दहाचं विमान असेल तर जालन्यातून साडेसहाला निघा. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. आणि दिल्लीत सामान पट्ट्यावर यायला, तिथून स्टेशन गाठायला वेळ जातो. घरच्या वडीलधाऱ्यांची पुढची रेल्वे विमान उतरण्याच्या वेळेनंतर किमान चार तासांनी असलेलीच काढा.