मोहाच्या वेळी प्रार्थना: या चुका टाळा

भायखळ्याच्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी वडील (मंडळीची देखरेख करणारा ज्येष्ठ सेवक) म्हणून सेवा करतो आणि आठवड्याच्या प्रार्थनासभेनंतर मागे रेंगाळणाऱ्यांशी बोलण्याचे काम बहुधा माझ्याकडे येते. असा माणूस सतरंज्या गुंडाळून होईपर्यंत दाराशी घुटमळतो आणि मग जवळजवळ ठरलेले वाक्य बोलतो: "प्रार्थना केली होती, तरी पडलो." दारू असो, जुगार असो, रात्री मोबाइलवर चोरून पाहिले जाणारे काही असो किंवा ऑफिसातले एखादे नाते असो, खोलात जाऊन विचारपूस केली की प्रार्थना खरोखरच केलेली असते; मात्र ती चुकीच्या वेळी किंवा एखाद्या दुसऱ्याच कर्तव्याच्या बदल्यात केलेली असते. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूने शिष्यांना "जागृत राहा व प्रार्थना करा" असे सांगितले (मत्तय २६:४१), आणि आपल्यापैकी बहुतेक जण त्यातला पहिला अर्धा भाग सोडून देतात. खाली दिलेल्या जवळजवळ सगळ्या चुका तिथूनच सुरू होतात.

मोह गळ्याशी आल्यावर प्रार्थनेला बसणे

गेथशेमानेतील घटनांचा क्रम नीट वाचावा. शुभवर्तमान लिहिणारा लूक सांगतो की त्या ठिकाणी पोहोचताच, येशूला पकडून देणारा शिष्य यहूदा माणसे घेऊन येण्याच्या आधीच, येशूने शिष्यांना परीक्षेत पडू नये म्हणून प्रार्थना करायला सांगितले. मत्तयाच्या वृत्तांतात येशू स्वतः तीन वेळा पित्यापुढे तीच विनंती घेऊन जातो आणि तिन्ही वेळा परत येऊन पाहतो तर शिष्य झोपलेले. मशाली आल्या तेव्हा प्रार्थना करून उठलेला येशू स्वतः पुढे झाला. झोपेतून उठलेल्या पेत्र या शिष्याने तलवार उपसून महायाजकाच्या दासाचा कान तोडला आणि त्याच रात्री कोंबडा आरवण्यापूर्वी तीनदा प्रभूला नाकारले. पेत्राचे प्रभूवर प्रेम नव्हते असे कोणी म्हणणार नाही. त्याने प्रार्थनेचा तास झोपेत घालवला होता, एवढेच.

जुन्या करारातल्या दानीएलाचेही, म्हणजे परक्या राजाच्या दरबारात काम करणाऱ्या यहूदी भक्ताचेही, तसेच आहे. राजाशिवाय कोणाकडे विनंती केल्यास सिंहांच्या गुहेत टाकण्याचा हुकूम निघाल्यावर दानीएलाने नवी, विशेष, जोराची प्रार्थना सुरू केली नाही. पूर्वी करत असे त्याप्रमाणेच, यरुशलेमेकडच्या खिडक्या उघड्या ठेवून, दिवसातून तीन वेळा गुडघे टेकले. त्या "पूर्वीप्रमाणे" शब्दात सगळे आले. मुंबईत गच्चीचे डांबरकाम मे महिन्यात उरकतात, जुलैच्या धारेत कोणी बादली घेऊन वर चढत नाही. प्रार्थनेच्या बाबतीत मात्र आपण दर वेळी जुलैतच चढतो.

यावर "मुंबईत वेळ कुठे आहे?" असा प्रश्न हमखास येतो. विरारहून पहाटेची गाडी पकडणाऱ्याची ओढाताण मला समजते आणि लोकलमध्ये डोळे मिटून केलेली प्रार्थना देव ऐकतो याविषयी मला शंका नाही. तरीही ती दिवसातली एकमेव प्रार्थना असू नये, असे माझे ठाम मत आहे. माझी स्वतःची सवय सांगतो. रात्री मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा, म्हणजे सकाळी पहिला हात त्याच्याकडे जात नाही. मग चहाच्या आधी, खाटेच्या कडेला बसून, त्या दिवशी येऊ शकणाऱ्या मोहाचे नाव, वेळ आणि ठिकाण प्रभूला सांगायचे. मागे थांबणाऱ्यांना मी हेच शिकवतो आणि एक नमुनाही देतो: "प्रभू, आज पगार आहे. सात वाजता मित्र मला दादरला प्यायला बसायला बोलावतील. मी हो म्हणण्याआधी मला गाडीत बसव." प्रभूच्या प्रार्थनेत "आम्हांस परीक्षेत आणू नको" ही विनंती रोजच्या भाकरीच्या विनंतीनंतर थोड्याच अंतराने येते; भाकर रोज मागायची आणि संरक्षण संकटापुरते मागायचे, हा भेद प्रभूने केलेला नाही.

प्रार्थना करत तिथेच बसून राहणे

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक तरुण येत असे. अंधेरीला हिशेबाच्या खात्यात नोकरी, घर नालासोपाऱ्याला, लहान मुलगी. त्याला मोबाइलवर पैसे लावून रमी खेळण्याचे व्यसन लागले होते. एका संजीवन सभेत (विश्वास नव्याने जागवण्यासाठी घेतलेल्या सभेत) तो रडत पुढे गेला, त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना झाली आणि पुढच्याच पंधरवड्यात त्याला व्यासपीठावर बोलावून साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते सर्वांपुढे सांगायला, लावले गेले. "मी मुक्त झालो" असे तो म्हणाला आणि टाळ्या पडल्या. ते ॲप मात्र त्याच्या मोबाइलमध्येच होते. पुढे त्याने मला जे सांगितले ते मी विसरू शकत नाही: रोज रात्री गाडीत बसायला जागा मिळाली की तो उजव्या हाताच्या अंगठ्याने पत्ते टाकत असे आणि मनातल्या मनात "येशू, मला वाचव" असे म्हणत असे, आणि नालासोपारा येईपर्यंत दोन्ही चालू राहत. पतपेढीचे कर्ज झाले, बायकोच्या बांगड्या गहाण पडल्या, आणि साक्ष देऊन बसल्यामुळे आता खरे सांगायची सोय उरली नाही.

इथे दोन चुका एकमेकींत गुंतल्या आहेत. घाईने घेतलेली साक्ष ही मंडळीची चूक होती, आणि नव्या विश्वासणाऱ्याला असे व्यासपीठावर चढवण्याला माझा आजही विरोध आहे. रोप मुळे धरण्याआधी ते लोकांना दाखवण्याची घाई कशासाठी? दुसरी चूक त्याची. मालक पोटीफर याच्या बायकोने मोहात पाडण्यासाठी वस्त्र धरले तेव्हा योसेफ ते तिच्या हातात सोडून बाहेर पळाला (उत्पत्ती ३९:१२). प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की देव परीक्षेबरोबर निभावण्याचा मार्गही देतो. त्या मार्गाने चालायचे मात्र आपल्याच पायांनी असते. त्या तरुणाच्या बाबतीत मार्ग अगदी साधे होते: ॲप काढून टाकणे, पगाराचे खाते बायकोच्या देखरेखीखाली देणे आणि कर्जाचा खरा आकडा तिला सांगणे. पहिल्या दोन गोष्टी त्याने त्याच संध्याकाळी केल्या. तिसरीला बरेच दिवस लागले, कारण तिच्यासमोर बसून तो आकडा उच्चारणे त्याला उपवासापेक्षा कठीण वाटत होते. याकोब आपल्या पत्रात सांगतो की एकमेकांजवळ आपली पापे कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा (५:१६). त्याच्या सुटकेची सुरुवात मी त्या कबुलीपासून धरतो. त्यानंतर दोघे नवराबायको रात्री एकत्र प्रार्थना करू लागले आणि त्या प्रार्थनेत लपवण्यासारखे काही उरले नव्हते.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने बंदीचा कायदा केला, हे बरेच झाले. पण रोजच्या गाडीत अंगठ्याला दुसरे काही सापडायला वेळ लागत नाही, म्हणून ही चूक मी अजूनही सविस्तर सांगतो.

वचन पाठ नसणे

रानात चाळीस दिवसांच्या उपवासानंतर सैतान आला तेव्हा येशूने तिन्ही वेळा जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातील वचनाने उत्तर दिले, आणि तिन्ही वचने त्या पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायातली आहेत. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या इव्हाग्रिअस नावाच्या साधूने हाच धडा पुढे नेला. खादाडपणापासून गर्वापर्यंत आठ प्रकारचे विचार धरून, प्रत्येकाला तोंडावर उत्तर देण्यासाठी त्याने शास्त्रातली सुमारे पाचशे वचने एकत्र केली. आपल्याला पाचशेची गरज नाही. आपल्याला नेहमी छळणाऱ्या एका मोहासाठी एक वचन तोंडपाठ असावे. बायबलचे ॲप उघडून वचन शोधणाऱ्याच्या हातात मोबाइल असतो आणि अनेकांचा मोह तिथेच बसलेला असतो.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

"सर्व पापांपासून मला दूर ठेव" अशी गोळाबेरीज प्रार्थना करू नये; पापाचे नाव घ्यावे.

प्रत्येक गोष्ट सैतानावर ढकलू नये, कारण माणूस स्वतःच्या वासनेने ओढला जातो असे याकोब स्पष्ट लिहितो.

दहा जणांना पुढे पाठवायची व्हॉट्सॲपवरची प्रार्थना पुढे पाठवू नये, मिटवून टाकावी.

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी नोवेनासाठी (सलग नऊ बुधवार करायच्या प्रार्थनेसाठी) येणाऱ्या गर्दीत माझे अनेक कॅथलिक मित्र असतात आणि त्यांच्या भक्तीविषयी मला आदर आहे. पण नवव्या बुधवारी मोह संपलाच पाहिजे असा हिशेब मांडून जाणाऱ्याला त्यांचे धर्मगुरूही थांबवतील. सैतान येशूला सोडून गेला तो संधी मिळेपर्यंत, असे लूक म्हणतो.

कोरडेपणात निर्णय बदलणे

काही आठवडे प्रार्थना नेमाने होते आणि मग एके दिवशी शब्द कोरडे पडतात, मन लागत नाही, देव ऐकत नाही असे वाटते. नवखे लोक याच टप्प्यावर वेळ बदलतात, मंडळी बदलतात किंवा प्रार्थनाच सोडतात. लोयोलाच्या इग्नाशियसने सोळाव्या शतकात यासाठी एक नियम घालून दिला: आत्मिक उदासीनतेच्या काळात आधी केलेला निश्चय बदलू नये. मी प्रोटेस्टंट असलो तरी हा नियम मी सर्वांना देतो. पौलाने 'देहातल्या काट्यासाठी', म्हणजे सतत छळणाऱ्या एका त्रासासाठी, तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही, कृपा मात्र मिळाली.

तरीही कोरडेपणाचे कारण प्रत्येक वेळी आत्म्यातच असते असे नाही. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून मरण मागू लागला तेव्हा देवाने त्याला प्रथम उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, दूताने उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी दिले, मग पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा खायला दिले. रात्रपाळी करून चार तास झोपणाऱ्या आणि वडापाववर दिवस काढणाऱ्या माणसाने आधी झोपावे. ज्याला मरणाचे विचार येतात त्याने डॉक्टरांकडे जावे, आणि ज्याचे हात दारूशिवाय थरथरतात त्यानेही. केवळ प्रार्थनेवर ठेवून अशा माणसाला घरी बसवणाऱ्या पाळकांचा मला मनापासून राग येतो.

पडल्यावर प्रार्थना लांबणीवर टाकणे

पडलेला माणूस बहुधा आठवडाभर प्रार्थनेपासून दूर राहतो. आधी थोडे शुद्ध होऊ, मग देवासमोर जाऊ, असे त्याला वाटते आणि त्या आठवड्यात तो आणखी दोनदा पडतो. इब्री लोकांस पत्रात नेमके याच्या उलट सांगितले आहे: आपला प्रमुख याजक सर्व बाबतीत आपल्यासारखा पारखला गेला, म्हणून ऐन वेळच्या साहाय्यासाठी धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ जा (४:१५-१६). पेत्राला तर त्याच्या पडण्याच्या आधीच प्रभूने सांगून ठेवले होते की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगतो की ज्या रात्री पडाल त्याच रात्री, झोपण्याआधी, ५१ वे स्तोत्र मोठ्याने वाचा, ज्याला आधी खरे सांगितले आहे त्या एका माणसाला फोन करा, मोबाइल स्वयंपाकघरात ठेवा आणि सकाळी नेहमीच्याच वेळी खाटेच्या कडेला बसा.