महामार्गाचे चौपदरीकरण: पर्यावरणावरचा आघात कसा मोजायचा

दुपदरी रस्ता चौपदरी करायचा म्हटले की अहवालात आधी बेरजा आणि सरासऱ्या येतात: संपूर्ण मार्गावर एवढी झाडे, हवेत एवढी धूळ, एवढे नाले. आघात मात्र सरासरीवर होत नाही. तो एका ठराविक मोरीवर (रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या वाटेवर) होतो, एका शाळेच्या भिंतीशी होतो, एका वाडीच्या विहिरीवर होतो. म्हणून मूल्यांकन किलोमीटरवार करावे, आणि आखणी पक्की होण्याआधी करावे. आराखडा मंजूर झाल्यावर लिहिलेला अहवाल किती झाडे जाणार एवढेच सांगतो, त्यातले एकही वाचवू शकत नाही.

उदाहरण म्हणून पनवेलपासून दक्षिणेकडे जाणारा मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६, डोळ्यांसमोर ठेवू. घाट, खाड्या, भातशेती, अभयारण्य आणि कोकणचा पाऊस हे सगळे या एकाच रस्त्यावर भेटते.

आधी परवानग्यांची यादी

१४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या केंद्रीय अधिसूचनेत महामार्ग ७(एफ) या नोंदीखाली येतात. २०१३ च्या दुरुस्तीनंतर राष्ट्रीय महामार्गाचे रुंदीकरण १०० किमीपेक्षा लांब असेल आणि त्यासाठी सध्याच्या आखणीवर ४० मीटरपेक्षा जास्त, किंवा वळणरस्त्यावर (बायपासवर) ६० मीटरपेक्षा जास्त, जादा जागा घेतली जाणार असेल, तरच पर्यावरणीय पूर्वपरवानगी लागते. या उंबरठ्याखाली राहिलेल्या कामाला काहीच लागत नाही असा समज सर्रास आढळतो, आणि तो चुकीचा आहे. वनजमीन असेल तर वन संवर्धन कायद्याची मंजुरी, अभयारण्य असेल तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची, खाडीवर पूल असेल तर सागरी किनारा नियमनाची, झाडांसाठी राज्याच्या वृक्षतोड कायद्यांची, खडी क्रशर आणि डांबर प्लांटसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, या सगळ्या वेगळ्या लागतातच. भरावाच्या मातीसाठी रस्ते प्रकल्पांना या पूर्वपरवानगीतून दिलेली सरसकट सूट सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये रद्द केली. माती कुठून आणणार हे ठरवताना त्यानंतरचे नियम तपासून घ्या.

लांब रस्ता पॅकेजांत, म्हणजे वेगवेगळ्या ठेक्यांच्या तुकड्यांत, तोडला की प्रत्येक तुकडा १०० किमीच्या आत बसतो. उत्तराखंडातल्या चारधाम रस्त्याचे ५३ भाग पाडले गेले आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. कायदा काहीही म्हणो, नदीचे खोरे पॅकेजची हद्द ओळखत नाही. शेजारच्या पॅकेजचे भराव, खाणी आणि राडारोड्याच्या जागा आपल्या नकाशावर दाखवल्याशिवाय एकत्रित परिणाम कळत नाही.

पट्टी-नकाशा

कामाचे मुख्य हत्यार म्हणजे १:२००० किंवा त्याहून मोठ्या प्रमाणाचा पट्टी-नकाशा. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरपर्यंत पायी फिरून विहिरी, बोअरवेल, झरे, ओढे, मोऱ्या, शाळा, दवाखाने, देवराया, स्मशाने, गुरांच्या वाटा आणि मोठी झाडे साखळी क्रमांक (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचे अंतर) व डावी-उजवी बाजू लिहून टिपायची. त्यापलीकडे १० किमीपर्यंत वने, खाड्या, खाणी, मोठी गावे एवढे पुरते. 'किमी ९२+४००, डावीकडे, १८ मीटर, विहीर, मे महिन्यातही पाणी' अशी नोंद हवी. 'परिसरात विहिरी आढळतात' या वाक्याचा कुणालाच उपयोग नाही.

पायाभूत माहितीसाठी पावसाळा सोडून एका ऋतूची मोजमापे चालतात. धुळीसाठी ते बरोबर आहे, कोकणातल्या पाण्यासाठी नाही. इथला बहुतेक आघात जून ते सप्टेंबरमध्येच घडतो. नियमापुरते हिवाळ्यात मोजा, पण जुलैत मुसळधार पावसानंतर एकदा आणि ऑक्टोबरात एकदा सबंध मार्ग चालून या.

पाणी: इथेच सगळ्यात जास्त चुका होतात

जुन्या दुपदरी रस्त्यावरून पुराचे पाणी वाहून जायचे, कारण रस्ता शेताच्या पातळीला होता. चौपदरी रस्ता तीन-चार मीटर भरावावर आला की तो खलाटीत, म्हणजे सखल भातशेतीत, बांध होऊन उभा राहतो. वरच्या बाजूला भात कुजते आणि खालच्या शेतांना पाणी कमी पडते. सल्लागार जुन्या मोरीचा व्यास पाहून तेवढीच मोरी पुढे लांबवतात. लांबी दुप्पट झाली की आत गाळ बसतो आणि साफ करायला माणूस शिरू शकत नाही.

प्रत्येक मोरीचे गणित नव्याने करा. छोट्या पाणलोटासाठी सूत्र सोपे आहे: ०.२७८ × वाहगुणक (पावसातले किती पाणी वाहून जाते तो वाटा) × पावसाची तीव्रता (मिमी प्रति तास) × क्षेत्र (चौ. किमी). समजा पाणलोट ०.८ चौ. किमी, वाहगुणक ०.७ आणि तीव्रता ताशी ८० मिमी, तर प्रवाह येतो सेकंदाला सुमारे १२.५ घनमीटर. १.२ मीटर व्यासाचा पाइप भरून वाहिला तरी, अडीच मीटर वेगाने, सेकंदाला २.८ घनमीटरच नेतो. म्हणजे तिथे ३ × २ मीटरची चौकोनी मोरी हवी, आणि तीही पूर्ण भरू न देता वाहील अशी. तीव्रता जवळच्या पर्जन्यमापकाच्या तासावार नोंदीवरून घ्या. दिवसाच्या पावसाला २४ ने भागून काढलेला आकडा फसवा असतो, कारण पूर तासाभराच्या सरीने येतो.

गणित झाले की गावातल्या जुन्या माणसांना पुराची खूण विचारा आणि तिची पातळी लेव्हल यंत्राने घ्या. सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री या नद्यांच्या काठी जुलै २०२१ च्या पुराच्या खुणा लोकांना आठवतात. गणिताची पातळी खुणेच्या खाली येत असेल तर खूण खरी माना. मोठ्या पुलांच्या पायाखालची झीजही तपासा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना दगडी पूल पुरात गेला. शेजारी पूल उभा आहे म्हणून नदीचा तळ सुरक्षित आहे, असे गृहीत धरता येत नाही.

विहिरींसाठी रस्त्यापासून २०० मीटरच्या पट्ट्यात पाण्याची पातळी मेच्या शेवटी आणि ऑक्टोबरात मोजा. जांभ्यात मुरलेले पाणी खालच्या चिकण थरावर अडते आणि कडेला झरा होऊन बाहेर येते. रस्त्यासाठीची डोंगरकापणी त्या थराला भेदून गेली की झरा वाडीऐवजी गटारात वाहू लागतो. या एका गोष्टीवरून अनेक वाड्यांचे पाणी जाऊ शकते, तरी बहुतेक अहवालांत तिच्यासाठी एक ओळही नसते. खोल कापणीच्या वरच्या अंगाचा प्रत्येक झरा नकाशावर दाखवाच.

डोंगरकापणी आणि राडारोडा

जे पाणी विहिरीतून निसटते तेच कापणीमागे साचून दरड पाडते. २०२२ मध्ये चिपळूणजवळच्या परशुराम घाटात चौपदरीकरणाच्या काळात दरडी आल्या आणि वाहतूक बंद ठेवावी लागली. १० मीटरपेक्षा उंच प्रत्येक कापणीसाठी भूगर्भ तपासणी, मातीचे थर आणि पाण्याची पातळी अहवालात हवी. उपाय लिहिताना उतार, टप्पे आणि कापणीच्या माथ्यावरचे पाणी वळवणारे गटार असे नेमके लिहा. 'आवश्यक तेथे संरक्षक भिंत' लिहिले तर ती बांधली जात नाही.

मग ढिगाऱ्याचा हिशेब. १० मीटर रुंद, सरासरी ६ मीटर खोल, ५०० मीटर लांब कापणीतून ३०,००० घनमीटर निघते. खणल्यावर माल फुगतो. १.३ पट धरले तरी ३९,००० घनमीटर, म्हणजे १० घनमीटरच्या टिपरच्या ३,९०० खेपा. यातला किती भरावात जाणार, उरलेला कुठल्या गट क्रमांकाच्या जमिनीत पडणार आणि ती जागा ओढ्यापासून किती दूर, हे लिहिलेले नसेल तर तो माल पावसाळ्यापूर्वी सगळ्यात जवळच्या उतारावर टाकला जाईल. तिथून तो शेतात आणि खाडीत.

आवाज आणि हवा

आवाजाची मर्यादा निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. शाळा-दवाखान्याभोवतीच्या १०० मीटर शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. गजबजलेल्या महामार्गालगत ती आजच ओलांडलेली असते, त्यामुळे 'आधीच जास्त आहे, नवीन परिणाम नगण्य' असा निष्कर्ष काढला जातो. तो मान्य करू नका. वाढ मोजा. वाहने तिप्पट झाली की सुमारे ५ डेसिबल वाढतात, वाहतुकीपासूनचे अंतर निम्मे झाले की ३. आज ६४ असलेले घर ७२ वर जाते, आणि वेग वाढण्याचा भाग यात धरलेलाच नाही.

वाहनसंख्या आजची धरू नका. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार सपाट भागात दुपदरी रस्ता दिवसाला १५,००० पीसीयू (सगळी वाहने मोटारींच्या हिशेबात मोजण्याचे एकक) आणि चौपदरी ३५,००० पीसीयूसाठी आखतात. रस्ता भरेल त्या वर्षाचे गणित करा. ध्वनिभिंत सुचवत असाल तर ती वाहन आणि खिडकी यांच्यातली थेट रेषा तोडेल इतकी उंच हवी. तेवढ्याने ५ डेसिबल कमी होतात. फाटकासाठी भिंतीत भोक ठेवले की फायदा जवळजवळ संपतो.

हवेसाठी प्रत्येक ठिकाणी आठवड्यातून दोनदा २४ तासांचे नमुने, १२ आठवडे. पीएम १० या धूलिकणांची २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम, त्याहून बारीक पीएम २.५ ची ६०, नायट्रोजन डायऑक्साइडची ८०. केंद्रे वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा, ग्रामपंचायतीच्या सोयीच्या गच्चीवर नको. बांधकामाच्या धुळीचे वेळापत्रक आंबा-काजूच्या मोहोराशी ताडून पाहा.

झाडे आणि जनावरे

प्रत्येक झाडाची जात, १.३७ मीटर उंचीवरचा घेर, साखळी क्रमांक आणि बाजू नोंदवा. मग दोन आडवे छेद काढून पाहा: दोन्ही बाजूंनी सारखे रुंदीकरण, आणि एकाच बाजूने. दुसऱ्यात वड-चिंचांची निदान एक रांग वाचते, कधी ती दुभाजकात राहते. एकास दहा रोपांचे आश्वासन असेल तर जागा विचारा. ५,००० झाडांसाठी ५०,००० रोपे, ३ × ३ मीटर अंतराने, म्हणजे ४५ हेक्टर. ही जमीन गट क्रमांकासह नसेल तर आश्वासन कागदावरच राहील.

वन्यजीवांसाठी पहाटे हळू गाडी चालवत मेलेल्या प्राण्यांची नोंद करा, पावसाळ्यातही, कारण बेडूक, खेकडे आणि साप तेव्हाच रस्ता ओलांडतात. कर्नाळा अभयारण्य जेमतेम १२ चौ. किमीचे आहे आणि महामार्ग त्यातूनच जातो. अशा ठिकाणी एकेक मीटर रुंदी महत्त्वाची. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर महाराष्ट्राच्या बाजूला प्राण्यांसाठी नऊ मार्ग बांधले, त्यातला सर्वात मोठा ७५० मीटर लांब आहे. कॅमेऱ्यांत वाघासह अनेक प्राणी त्यांखालून जाताना टिपले गेले. प्राण्यांच्या वाटा आधी शोधून तिथेच पूल दिला तर तो वापरला जातो. ओढ्यासाठी ठेवलेल्या पाइपला वन्यजीव मार्ग म्हणणे ही फसवणूक आहे.

सुनावणी आणि निविदा

जनसुनावणीपूर्वी ३० दिवसांची सूचना लागते आणि अहवालाचा गोषवारा मराठीतही असतो. जादा भूसंपादन नसेल तर मात्र सुनावणीतून सूट आहे, हे ध्यानात ठेवा. गोषवाऱ्याला गावनिहाय तक्ता जोडा: आपल्या हद्दीत कोणती मोरी, कोणती विहीर, किती झाडे. असा तक्ता असला की लोक नेमक्या हरकती घेतात आणि आखणीतल्या चुका तिथेच सापडतात.

शेवटची पायरी सगळ्यात दुर्लक्षित आहे. प्रत्येक उपाय निविदेच्या परिमाण-पत्रकात (कामांच्या मोजमाप-दरांच्या यादीत) स्वतंत्र बाब म्हणून, नग, मीटर आणि दरासह घाला. पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात लिहिलेली पण परिमाण-पत्रकात नसलेली गोष्ट ठेकेदार करत नाही, कारण तिचे बिल निघत नाही. पूर्वपरवानगी मिळालेल्या प्रकल्पाने दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अनुपालन अहवाल द्यायचा असतो. जूनचा अहवाल मागवा, पट्टी-नकाशा हातात घ्या आणि पहिल्या मोठ्या पावसात त्यातल्या मोऱ्या एकेक करून तपासा.