विज्ञान संशोधन मंडळाची घटना लिहिताना: सुरुवात सभासद नोंदवहीपासून

सातारा-सांगलीकडे विज्ञान संशोधन मंडळ काढायला माणसे कमी पडत नाहीत. कासच्या पठारावरच्या वनस्पतींची नोंद ठेवणारे प्राध्यापक, तासगावकडे द्राक्षावरच्या रोगांचा अभ्यास करणारे कृषी पदवीधर, कोयनेच्या भूकंपांत रस असलेले अभियंते आणि पर्जन्यमापक घेऊन बसलेले निवृत्त शिक्षक हौसेने एकत्र येतात. पाच-सहा वर्षांनी मंडळ अडते, ते मात्र संशोधनावरून क्वचितच. ‘त्या सभेत मत द्यायचा हक्क नक्की कोणाला होता?’ या प्रश्नाचे उत्तर कागदावर सापडत नाही, म्हणून अडते. घटनेचा मसुदा करताना उद्दिष्टांची लांबलचक यादी मागाहून करा. आधी सभासदत्वाचे कलम लिहा.

दोन नोंदण्या, दोन क्रमांक

महाराष्ट्रात अशा मंडळाची नोंदणी दोनदा होते. पहिली संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली. त्यासाठी किमान सात व्यक्ती लागतात, आणि शास्त्रीय कार्यासाठीची संस्था या कायद्यात स्पष्टपणे बसते. दुसरी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली; तिचा अर्ज तीन महिन्यांच्या आत करायचा असतो. दोन्ही कामे जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयातच होतात. हातात दोन क्रमांक येतात. त्यांतला विश्वस्त नोंदणीचा क्रमांक ‘एफ’ अक्षराने सुरू होतो. पहिले प्रमाणपत्र मिळाले की पेढे वाटून लोक दुसऱ्याकडे दुर्लक्ष करतात, आणि मग बँकेने किंवा देणगीदाराने ‘शेड्युल एकची नक्कल’, म्हणजे विश्वस्त नोंदवहीतला मंडळाचा उतारा, मागितली की धावपळ सुरू होते.

नावात ‘विद्यापीठ’ घालू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६च्या कायद्याने त्याला मनाई आहे. ‘राष्ट्रीय’, ‘भारतीय’ यांसारखे शासनाचा भास देणारे शब्दही अर्ज अडकवतात. गावाचे किंवा नदीचे नाव आणि पुढे विषय, एवढे पुरते.

सभासद म्हणजे कोण

१८६०च्या कायद्याचे कलम १५ घटना लिहिणाऱ्या प्रत्येकाने समोर ठेवावे. त्यानुसार सभासद म्हणजे नियमांप्रमाणे दाखल करून घेतलेली, वर्गणी भरलेली किंवा सभासदांच्या यादीवर सही केलेली आणि राजीनामा न दिलेली व्यक्ती. पुढचे वाक्य जास्त महत्त्वाचे आहे: जिची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकली आहे, तिला मत नाही आणि सभासदांच्या गणतीतही ती धरली जात नाही. म्हणजे वर्गणी कोणत्या तारखेला देय होते हे घटनेत लिहिलेच पाहिजे. ‘वार्षिक वर्गणी रु. ५००’ एवढेच लिहिले, तर थकबाकी कधीपासून मोजायची यावरच भांडण होते. ‘वर्गणी दरवर्षी १ एप्रिल रोजी देय होईल’ असे लिहा. म्हणजे जून संपला की थकबाकीदार आपोआप बाजूला होतो आणि पावसाळ्यानंतरच्या सभेची मतदारयादी निर्विवाद राहते.

सभासदांचे प्रकार जितके कमी तितके बरे. सामान्य, आजीव, विद्यार्थी आणि संस्था-सभासद हे चार पुरेत. मानद सभासद ठेवायचे असतील, तर त्यांना मत नाही हे त्याच ओळीत लिहा. कारण वर्गणी न भरता यादीवर सही केलेला माणूसही कायद्याने सभासद ठरू शकतो. विद्यार्थ्यांची वर्गणी नाममात्र ठेवावी, मत देऊ नये, पण शिक्षण संपल्यावर नव्याने अर्ज न करता फरक भरून सामान्य सभासद होण्याची वाट ठेवावी. संस्था-सभासदाचे, म्हणजे बहुधा एखाद्या महाविद्यालयाचे, मत एकच. प्रतिनिधीच्या नावाचे पत्र दरवर्षी नवे घ्या. प्राचार्य बदलले की जुना प्रतिनिधी आणि नवा प्रतिनिधी दोघेही सभेला येऊन बसतात.

आजीव वर्गणीचे गणित बहुतेक ठिकाणी चुकते. वार्षिक ५०० रुपये असताना आजीव २,००० ठेवली, तर चार वर्षांनंतर तो सभासद मंडळाला फुकट पडतो. साडेसहा-सात टक्के व्याज धरले, तर ५०० रुपये वार्षिक उत्पन्नासाठी सुमारे ७,५०० रुपये ठेव लागते. महागाई धरून वार्षिक वर्गणीच्या वीसपट, म्हणजे १०,००० हा आकडा समंजस आहे. ही रक्कम कायम निधीत जाईल, मुदत ठेवीत राहील आणि फक्त व्याज खर्चता येईल, हे घटनेतच बांधून टाका. नाहीतर पहिल्याच वर्षी त्यातून सूक्ष्मदर्शक येतो आणि तिसऱ्या वर्षी टपालखर्चाला पैसे नसतात.

अकादमींची नक्कल करून ‘फेलो’ नावाचा वर्ग काढण्याचा मोह टाळावा. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीसारख्या संस्थांत फेलो निवडला जातो, तो कामाची पारख करणाऱ्या समवयस्कांकडून. जिल्हा पातळीवर तेवढे परीक्षक नसतात. मग ते पद देणगीच्या पावतीबरोबर मिळू लागते.

प्रवेश आणि नोंदवही

अर्जावर सूचक-अनुमोदक सभासदांच्या सह्या असाव्यात. कार्यकारी मंडळाने ६० दिवसांत निर्णय घ्यावा, नकार असेल तर कारण लेखी द्यावे आणि त्यावर सर्वसाधारण सभेकडे अपील ठेवावे. निर्णयच न घेता अर्ज टेबलाखाली दाबून ठेवणे हा जुना डाव आहे. ‘६० दिवसांत निर्णय न झाल्यास अर्ज पुढील सर्वसाधारण सभेपुढे आपोआप जाईल’ या वाक्याने तो बंद होतो.

दुसरा डाव याच्या उलटा: निवडणुकीच्या तोंडावर एकाच गटाचे सत्तर-ऐंशी अर्ज, सगळ्यांची वर्गणी एकाच खिशातून. यावर दोन बंधने पुरतात. प्रवेशाचा ठराव झाल्यापासून सहा महिने पूर्ण झाल्याशिवाय मतदानाचा हक्क नाही, आणि वर्गणी फक्त अर्जदाराच्या स्वतःच्या बँक खात्यातून. ज्येष्ठ सभासदांसाठी घरच्या व्यक्तीच्या खात्याची सवलत ठेवता येईल, पण रोख नको.

नोंदवही बांधीव आणि पृष्ठांक छापलेली घ्या. सुट्या कागदांची फाइल किंवा नुसती संगणकावरची यादी वादात टिकत नाही. प्रत्येक ओळीत सभासद क्रमांक, नाव-पत्ता, प्रकार, प्रवेशाच्या ठरावाचा क्रमांक व तारीख, पहिल्या पावतीचा क्रमांक, सभासदाची सही, मतदानाचा हक्क सुरू झाल्याची तारीख आणि सभासदत्व संपल्यास त्याचे कारण. क्रमांक पुन्हा दुसऱ्याला देऊ नये. मृत किंवा राजीनामा दिलेल्या सभासदाच्या नावावर पांढरी शाई नाही. लाल शाईची एक रेघ, तारीख, कार्यवाहांची सही. पत्ता हरवलेल्या आजीव सभासदांचाही विचार घटनेत हवा: दोन लागोपाठच्या वार्षिक सभांच्या नोटिसा परत आल्या, तर नाव ‘अक्रियाशील’ यादीत जाईल आणि सभासदाने पत्ता कळवताच परत येईल. याचे कारण पुढे घटनादुरुस्तीत दिसेल.

सभा: नोटीस, गणपूर्ती, तारीख

बाजारात मिळणाऱ्या छापील नमुना नियमावल्यांमध्ये अजून ‘नोटीस यू.पी.सी.ने (टपाल कचेरीकडून पत्र पाठवल्याचा दाखला घेऊन) पाठवावी’ असे असते. टपाल खात्याने ती सेवा २०११ मध्येच बंद केली. रजिस्टर पोस्टही २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले. म्हणून सेवेचे नाव न घालता ‘पोच सिद्ध करता येईल अशा टपालसेवेने, किंवा सभासदाने नोंदवलेल्या ई-मेलवर, किंवा हस्ते सही घेऊन’ असे लिहा. व्हॉट्सअॅपचा संदेश स्मरणपत्र म्हणून उत्तम, नोटीस म्हणून नाही. वार्षिक सभेला पूर्ण २१ दिवस, कार्यकारी मंडळाच्या बैठकीला ७ दिवस.

गणपूर्ती मतदार सभासदांच्या एक-पंचमांश किंवा २५, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. ती न झाल्यास सभा अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरेल आणि गणपूर्तीची अट राहणार नाही, ही प्रथा सर्वत्र आहे आणि ठीकही आहे. फक्त घटनादुरुस्ती, स्थावर मालमत्ता आणि विसर्जन हे तीन विषय अशा तहकूब सभेत घेता येणार नाहीत, हे स्वतंत्र लिहा.

तारखेचे इथले व्यवहार वेगळे आहेत. सांगलीत जुलैअखेर आणि ऑगस्टमध्ये वार्षिक सभा ठेवणे धोक्याचे. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांत कृष्णेने याच दिवसांत शहर अडवले होते. सप्टेंबरचा तिसरा-चौथा रविवार, गणपती पाहून, सोयीचा पडतो. साताऱ्यात नेमके सप्टेंबरच्या रविवारी निम्मे सभासद फुले पाहायला कासला असतात, तिथे शनिवारची संध्याकाळ बरी. कोणतीही तारीख घ्या, पण लेखापरीक्षण त्याआधी झालेले हवे. हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते आणि सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, लेखापरीक्षण पुरे करायचे असते. ताळेबंद विश्वस्त व्यवस्था नियमांच्या परिशिष्ट आठमध्ये आणि उत्पन्न-खर्च परिशिष्ट नऊमध्ये करून घ्या. वेगळ्या नमुन्यातला कागद परत येतो.

इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ एवढ्यावर भागवू नये. सूचकाचे नाव, अनुमोदकाचे नाव, बाजूने-विरुद्ध मते आणि ठरावाचे शब्द जसेच्या तसे हवेत.

कार्यकारी मंडळ आणि बदल अर्ज

नऊ किंवा अकरा जण, मुदत तीन वर्षे, एकाच पदावर लागोपाठ दोनच मुदती. एकाच घरातले दोघे नकोत. बँकेत अध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार यांपैकी दोघांच्या सह्या, त्यांत खजिनदाराची सक्तीची. मुदत संपली तरी नवे मंडळ येईपर्यंत जुन्याने काम पाहावे, हे वाक्य बहुतेक घटनांत असते. त्याला मर्यादा घाला: ‘मात्र ९० दिवसांत निवडणूक न झाल्यास एक-पंचमांश सभासद स्वतः सभा बोलावू शकतील.’ अशी मर्यादा नसलेली मंडळे वर्षानुवर्षे हलत नाहीत.

निवडणूक झाली की दोन कागद लगेच करायचे. वार्षिक सभेपासून १४ दिवसांत नव्या मंडळाची यादी १८६०च्या कायद्याखाली दाखल करणे, आणि ९० दिवसांत १९५०च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बदल अर्ज, म्हणजे सगळे ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतात तो. त्याला नोटीस, ती पाठवल्याचा पुरावा, हजेरीपट, इतिवृत्ताची प्रत आणि नव्या सदस्यांची संमतीपत्रे जोडा. जाणाऱ्या सदस्यांच्या सह्याही शक्य तितक्या त्याच दिवशी घ्याव्यात. रुसलेला माणूस महिन्याभराने सही देत नाही. मुदत चुकली तर विलंबमाफीचा अर्ज द्यावा लागतो. एक बदल अर्ज रेंगाळला की त्यापुढचेही त्याच्यामागे अडकतात, आणि शेड्युल एकवर दिवंगत अध्यक्षांचेच नाव राहते.

जमीन, इमारत विकायची असेल, किंवा शेतजमीन दहा वर्षांहून आणि बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. कर्जालाही. सभेचा एकमुखी ठराव तिची जागा घेऊ शकत नाही.

संशोधनाचे अधिकार सभेकडे नकोत

इथे विज्ञान मंडळ इतर मंडळांपासून वेगळे होते. पैसा, पदाधिकारी आणि धोरण हा सभेचा प्रांत. एखादा निष्कर्ष बरोबर की चूक, अहवाल प्रसिद्ध करावा की नाही, हा मतदानाचा विषय नाही. त्यासाठी पाच ते सात जणांची शास्त्रीय समिती नेमा. किमान दोघे जिल्ह्याबाहेरचे असावेत, मुदती एकदम न संपता आळीपाळीने संपाव्यात आणि ज्याचे काम तपासायचे तो त्या बैठकीत नसावा. नदीच्या पाण्याचे नमुने तपासणाऱ्या गटात सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्याचा नोकर असू शकतो. त्याला वगळायचे कारण नाही, पण हितसंबंध इतिवृत्तात लिहिला जावा आणि निर्णयाच्या वेळी त्याने बाहेर बसावे.

नोंदींची मालकी सुरुवातीलाच ठरवा. मंडळाच्या प्रकल्पातील मूळ नोंदींची प्रत ३० दिवसांत मंडळाकडे जमा. लेखावर नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे. सभासद सोडून गेला तरी नोंदी राहतील. दुर्मीळ वनस्पतींची नेमकी ठिकाणे, उदाहरणार्थ कंदीलपुष्पांची, सभासदांच्या व्हॉट्सअॅप समूहावरही टाकू नयेत. वन खात्याची परवानगी ज्या नावांवर आहे तेवढ्यांनीच नमुने गोळा करावेत. एकाने परवानगीबाहेर रोप उपटले की पुढच्या वर्षी संपूर्ण मंडळाचा अर्ज अडतो.

गैरवर्तनाची चौकशी, मग ती खोट्या नोंदींची असो की चोरलेल्या मजकुराची, तिघांनी करावी आणि त्यांतला एक बाहेरचा असावा. आरोप लेखी, उत्तराला १५ दिवस, प्रत्यक्ष सुनावणी, आणि काढून टाकायचे तर हजर मतदारांच्या दोन-तृतीयांश मतांनी. यांतली एक पायरी जरी गाळली, तरी काढलेला सभासद न्यायालयातून परत येतो आणि खर्च मंडळाच्या डोक्यावर बसतो.

घटना बदलणे आणि मंडळ बंद करणे

उद्दिष्टे बदलायची असतील तर १८६०च्या कायद्याचे कलम १२ लागते. लेखी प्रस्ताव, खास सभेआधी १० दिवस सभासदांकडे प्रत, तीन-पंचमांश मते, आणि एका महिन्याच्या अंतराने दुसऱ्या खास सभेत हजर सभासदांची पुन्हा तीन-पंचमांश. आता हिशेब पाहा. यादीवर २४० नावे असतील तर एकूण सभासदांवर मोजल्यास पहिल्या सभेत १४४ मते हवीत. त्यांतल्या ९० आजीव सभासदांचा ठावठिकाणा नसेल, तर उरलेल्या १५० पैकी १४४ जण आणावे लागतील. अक्रियाशील यादीचे कलम यासाठीच. मुखत्यारपत्राने (प्रॉक्सीने) मत देण्याची सोय हा कायदा देतो. त्या पत्राचा नमुना घटनेच्या शेवटी जोडून ठेवा आणि एका माणसाकडे दोनपेक्षा जास्त मुखत्यारपत्रे नसावीत.

विसर्जनालाही तीन-पंचमांशच लागतात. देणी फिटल्यावर उरलेले पैसे, पुस्तके, उपकरणे सभासदांत वाटता येत नाहीत. ती दुसऱ्या संस्थेकडे जातात. कोणत्या प्रकारच्या संस्थेकडे, हे घटनेत लिहा, आणि डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंदवही, दरवर्षी मोजून सही करून ठेवा. सांगलीत ते रजिस्टर, सभासद नोंदवही आणि इतिवृत्ताची पुस्तके तळमजल्यावर ठेवू नयेत, आणि स्कॅन केलेली एक प्रत दुसऱ्या गावी ठेवावी.