फॅन बेल्ट नवा, तरी कर्कश आवाज: माझा अनुभव

लक्षण: सकाळी थंड इंजिन सुरू केलं की बॉनेटखालून कर्कश किंचाळी. हेडलाइट, एसी लावला की जास्त. गाडी तापली की गायब.

गॅरेजवाल्याने बेल्टवर स्प्रे मारला, मग बेल्टच बदलला. आवाज महिनाभरात परत. वैताग आला होता.

शेवटी पाण्याने निदान झालं. इंजिन चालू ठेवून, हात-ओढणी लांब ठेवून, बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडं पाणी उडवलं. आवाज क्षणभर थांबला तर पुल्या (बेल्ट ज्यांवरून फिरतो ती चाकं) एका रेषेत नाहीत. वाढला तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताण कमी. माझा वाढला.

मग इंजिन बंद, किल्ली बाहेर, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. बेल्ट कसा फिरवलाय त्याचा फोटो घेतला. पान्याने टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा स्प्रिंगचा भाग) फिरवून बेल्ट उतरवला आणि प्रत्येक पुली हाताने फिरवली. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), आयडलर (बेल्टला फक्त वाट देणारी पुली) ठीक. टेन्शनरची पुली मात्र खरखरत होती, स्प्रिंगही सैल. टेन्शनर बदलला, पुल्यांवरचा स्प्रेचा चिकटा पुसला, बेल्ट चढवताना प्रत्येक खाच बोटाने तपासली. आवाज बंद.

गॅरेजवाल्याने काढलेला जुना बेल्टही पाहिला. भेगा नव्हत्या, पण खाचा खोल झालेल्या. हल्लीचे ईपीडीएम या कृत्रिम रबराचे बेल्ट तडकण्याऐवजी टायरसारखे झिजतात, त्यामुळे ‘भेग नाही म्हणजे चांगला’ हा जुना हिशेब चालत नाही. साधारण १ लाख किलोमीटरच्या आसपास बेल्टसोबत टेन्शनरही तपासा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो.