अली आदिलशहाच्या काळातल्या कागदाचं साल कसं काढायचं

आमच्या दाभोळ-दापोलीकडे जुन्या घरांत माळ्यावरच्या पेटीत मोडी कागद असतात, आणि घरचे सांगतात "आदिलशाहीतलं आहे", पण नेमकं कुठल्या सालचं ते कोणालाच माहीत नसतं. साल कागदातच लिहिलेलं असतं हो, फक्त शुहूर सनात, म्हणजे तेव्हाच्या दप्तरी कालगणनेत, अरबी शब्दांत. मोडी वाचणाऱ्याकडून तेवढी ओळ वाचून घ्या, पुढचं तुम्ही घरी करू शकता.

आधी एकं, मग दहं, मग शेकडा, शेवटी हजार. इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९. अशर १०, अशरीन २०, मग सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन म्हणजे ९० पर्यंत. मया १००, अलफ १०००. म्हणजे 'सबा खमसैन अलफ' झालं १०५७.

आता इसवी सन काढायला त्यात ५९९ मिळवा, १६५६. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुहम्मद आदिलशहा वारला आणि दुसरा अली विजापूरच्या गादीवर आला. तो गेला नोव्हेंबर १६७२ ला, म्हणजे 'सलास सबैन अलफ'. या दोन सालांच्या मधलं काही आलं तर तो कागद अलीच्या कारकिर्दीतला. अफजलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९, ते साल 'सितैन अलफ'.

५९९ की ६०० हा घोळ मात्र सगळ्यांचाच होतो. हे साल मृगापासून सुरू होतं, म्हणूनच याला मृगसाल म्हणतात, आपल्याकडे पेरणीचा हिशोब तोच ना. मृग ते डिसेंबर असेल तर ५९९, जानेवारी ते पुढचा मृग असेल तर ६००. महिने मात्र मोहरम, सफर असे चांद्र, ते दरवर्षी साधारण अकरा दिवसांनी मागे सरकतात, त्यामुळे नुसत्या महिन्याच्या नावावरून ऋतू धरू नका, जुनी जंत्री, म्हणजे तारखा जुळवून देणारं कोष्टक, लावूनच बघा.

आणि 'मया' कडे डोळ्यात तेल घालून बघा. मी एका कागदाला अलीच्या काळातला म्हणून आठवडाभर नाचत होतो, 'सलास सबैन' एवढंच वाचलं होतं, पुढे घडीवर कसरीने खाल्लेल्या जागी पुसट 'मया' होतं. ११७३ निघालं, म्हणजे पेशवाई, सरळ शंभर वर्षांचा फरक. तेव्हापासून घडीवरची अक्षरं मी खिडकीच्या तिरप्या उजेडात बघतो आणि काढलेलं साल वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून सोबत ठेवतो, मूळ कागदाला पेन लावत नाही.