बुलेटची चेन काढून बेल्ट बसवायचा असेल तर

चेनला तेल घाला, झोल काढा, पँटच्या पोटरीवरचे डाग घासा. पावसाळ्यात तर हे सारखंच. म्हणून भांडुपला आमच्या लेथवर जुनी कास्ट आयर्न बुलेट घेऊन येणारी पोरं गाडी स्टँडला लावायच्या आधीच विचारतात, "काका, बेल्ट बसेल का?" बसतो. हार्लेने 1980 च्या स्टर्जिस या मोटरसायकलला कंपनीतूनच बेल्ट दिला होता. पण आधी व्हर्निअर (बारीक मापाची पट्टी) आणि कागद-पेन्सिल काढायची, पाकीट नंतर.

दात्यांपासून सुरू करू. साडेतीनशे बुलेटला चेनच्या पुढच्या चाकाला, म्हणजे स्प्रॉकेटला, 16 आणि मागच्याला 38 दाते. मधल्या एखाद्या मालकाने बदल केला असू शकतो, म्हणून स्वतः मोजा. चेनचा पिच, म्हणजे दोन दात्यांमधलं अंतर, पाच अष्टमांश इंच, म्हणजे 15.875 मिमी. कारखान्यांच्या मशिनींवर चालणारा दातेरी पट्टा 8 मिमी पिचचा मिळतो, जवळजवळ निम्मा. मग पट्ट्याच्या चाकांचे, म्हणजे पुल्यांचे, दाते सरळ दुप्पट करायचे: पुढे 32, मागे 76. गुणोत्तर तेच राहतं, 2.375. व्याससुद्धा जवळपास तेच येतात. पुढे चेनचा पिच व्यास (चेन किंवा पट्टा ज्या वर्तुळात फिरतो त्याचा) 81.4 मिमी, पट्ट्याचा 81.5, मागे 192.2 आणि 193.5. म्हणजे मडगार्ड, स्टँड, ब्रेकचा रॉड, कशालाच हात लावावा लागू नये. इतकं फुकटात जुळून येणं आमच्या धंद्यात विरळाच.

खरी अडचण लांबीची. चेनची कडी काढता येते, पट्ट्याची नाही, आणि पट्टे ठरावीक लांबीतच येतात. मागचा ॲक्सल खाचेच्या मध्यावर ठेवून गिअरबॉक्सच्या शाफ्टपासून ॲक्सलपर्यंतचं अंतर घ्या. त्याची दुप्पट, अधिक दोन्ही व्यासांच्या बेरजेची 1.57 पट, अधिक व्यासांच्या फरकाचा वर्ग भागिले अंतराची चौपट: ही झाली पट्ट्याची लांबी. 32 आणि 76 दात्यांवर 1440 मिमीचा पट्टा साधारण 501 मिमी अंतराला बसतो. तुमचं अंतर थोडं कमी-जास्त निघालं तर एखाद्या पुलीचा दाता वाढवा किंवा कमी करा. वाढवलेल्या दर दात्याला चाक सुमारे 2 मिमी पुढे येतं, कमी केलेल्याला तेवढंच मागे जातं.

पट्टा मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर मागा. पॉलियुरेथेनचा, कार्बन दोरांचा घ्या. काळा रबरी स्वस्त पडतो, पण बुलेटच्या तेलगळतीत तो टिकायचा नाही. रुंदी 21 मिमी. 36 चा मोह होतो, पण प्रायमरी कव्हरच्या (क्लच झाकणाऱ्या डब्याच्या) मागे तेवढी जागा आहे का ते आधी बघा. रबरी आणि पॉलियुरेथेन पट्ट्यांच्या दात्यांचा आकार वेगळा असतो, पिच एक असला तरी. म्हणून पट्टा हातात आल्यावरच पुली कापायला द्या.

पुढची पुली स्टीलचीच. शाफ्टवर बसणाऱ्या आतल्या खाचा, म्हणजे स्प्लाइन, नव्याने कापत बसू नका. जुन्या स्प्रॉकेटचे दाते लेथवर उतरवून तिचा मधला भाग पुलीत बसवा आणि वेल्ड करा. वेल्डिंगआधी दोन्ही तुकडे तापवलेच पाहिजेत, आणि नंतर पुली डायलवर फिरवून वाकडेपणा बघायचा. मागची ॲल्युमिनियमची चालते, वर हार्ड ॲनोडायझिंग, म्हणजे पृष्ठभाग कडक करणारा थर. जुन्या बुलेटला मागचे दाते ब्रेक ड्रमवरच असतात, त्यामुळे ड्रमचे दाते उतरवून त्यावर पुलीची रिंग बोल्टने कसावी लागते. हे काम गाडीच्या मूळ ड्रमवर करू देणार नाही, मी तर सरळ नकार देतो. दुसरा ड्रम आणा. उद्या गाडी मूळ रूपात विकायची झाली तर?

बसवताना प्रायमरी उघडून क्लच काढावा लागतो, कारण पुढची स्प्रॉकेट त्याच्यामागे लपलेली. पट्टा अखंड, म्हणून मागचं चाक धरणारा स्विंगआर्मही उतरवायचा. बुश झिजले असतील तर आताच बदला. पट्टा मुडपू नका, पिळू नका, स्क्रू ड्रायव्हरने चढवू नका. वरून काही दिसत नाही, आत दोर तुटलेले असतात.

ताणाला मात्र वेळ द्या. स्विंगआर्म वर-खाली होताना पट्टा सैल-घट्ट होतो. शाफ्ट, स्विंगआर्मचा खिळा आणि ॲक्सल एका रेषेत येतात तेव्हा तो सगळ्यात घट्ट असतो. म्हणून शॉकॲबचे खालचे बोल्ट काढा, चाक उचलून तिन्ही एका रेषेत आणा आणि तिथे ताण बघा. स्प्रिंगच्या काट्याने पट्ट्याच्या मध्यावर साडेचार किलो ओढा. मी 8 ते 10 मिमी झोल ठेवतो. चेनसारखा हा पट्टा लांबत नाही. जास्त ओढलात तर मार गिअरबॉक्सच्या बेअरिंगला बसतो. ॲक्सल मागे-पुढे करणाऱ्या दोन्ही बाजूंच्या गोगलगाय कॅमचे आकडे सारखे आले म्हणून चाक सरळ असं समजू नका. सरळ पट्टी दोन्ही पुल्यांच्या तोंडाला लावून बघा. पाव अंशापेक्षा जास्त तिरपेपणा नको, म्हणजे अर्ध्या मीटरला 2 मिमी.

ब्रीदरची नळी, म्हणजे इंजिनातली तेलकट वाफ बाहेर सोडणारी, चेनकडे जात असेल तर ती डब्यात वळवा. खालून गार्ड लावाच. आपल्या रस्त्यांवर खड्ड्यांतून उडालेली खडी पट्टा आणि पुलीच्या मध्ये सापडली की पट्ट्याला भोक पडलंच. मागच्या पुलीला खिडक्या ठेवल्या तर बारीकसारीक खडे बाहेर पडतात.

आणि हो, पट्टा कसारा घाटात तुटला तर रस्त्यावर बदलता येत नाही, टेम्पोच बोलवावा लागतो. लांबच्या प्रवासाआधी दाते आणि कडा बोटाने चाचपा. एका बाजूची कड झिजलेली लागली तर पट्टी घेऊन पुन्हा पुल्यांची रेषा तपासा.