अलाइनमेंटच्या आधी: स्टेअरिंग आणि सस्पेन्शनचे झिजलेले भाग कसे ओळखावेत

सोलापुरात गाडी एका बाजूला ओढू लागली किंवा टायर एकाच कडेने खाल्ला जाऊ लागला, की बहुतेक मालक थेट अलाइनमेंटच्या दुकानात जातात. अलाइनमेंटच्या यंत्रावर चाकांचे कोन मोजले जातात आणि टाय रॉडची (स्टेअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याची) लांबी कमी-जास्त करून ते दुरुस्त केले जातात. परंतु टाय रॉडच्या टोकाचा जॉइंट किंवा लोअर आर्मचा (चाक गाडीशी जोडणाऱ्या खालच्या आर्मचा) बुश, म्हणजे त्यातला रबरी सांधा, ढिला झालेला असेल, तर उभ्या गाडीवर बरोबर बसवलेला तो कोन रस्त्यावर पहिला जोराचा ब्रेक लागताच बदलतो. म्हणून आधी ढिलेपणा शोधावा, तो भाग बदलावा आणि त्यानंतरच अलाइनमेंट करावी. हा क्रम पाळल्याने पैसे वाचतातच, पण जीविताचा प्रश्न त्याहून मोठा आहे: पूर्ण झिजलेला बॉल जॉइंट (लोअर आर्म आणि चाक यांना जोडणारा गोळीचा सांधा) धावत्या गाडीत निखळला, तर ते चाक बाहेर कलते आणि स्टेअरिंग कितीही फिरवले तरी गाडी ताब्यात येत नाही.

आपल्या भागात हे सांधे लवकर झिजण्याची कारणे स्पष्ट आहेत. जिल्ह्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावर बांधलेले रस्ते खालीवर होतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या पुढे जातो आणि दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीचे रबरी भाग हळूहळू कडक होऊन तडकतात. बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड यांच्यावरचे रबरी बूट (टोप्या) फाटले, की आतले ग्रीस बाहेर येते, धूळ आणि पाणी आत जाते आणि एरवी वर्षानुवर्षे टिकणारा जॉइंट फार लवकर ढिला होतो. यासाठी तपासणीची सुरुवात गाडीची खालची बाजू धुऊन, तिथला चिकटलेला चिखल काढून, सर्व बूट आणि बुश बॅटरीच्या उजेडात पाहण्यापासून करावी. फाटलेला बूट दिसला, तर जॉइंट अजून घट्ट वाटत असला तरी तो फार काळ टिकणार नाही, असे समजावे.

त्यानंतर टायर पाहावेत, कारण गाडीत काय घडत आले आहे त्याची नोंद टायरवर राहते. दोन्ही कडा झिजल्या असतील तर बहुधा हवा कमी राहिलेली असते आणि फक्त मधला भाग झिजला असेल तर जास्त. तळहात टायरच्या रुंदीवर आडवा फिरवला असता एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखे लागले, तर टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडलेला आहे आणि त्यामागे टाय रॉडचा ढिलेपणा असू शकतो. घेरावर ठरावीक अंतराने खळगे पडलेले असतील, तर शॉकअप निकामी झाल्याचा संशय घ्यावा.

पुढचा टप्पा गाडी चालवून ऐकण्याचा आहे. त्यासाठी होटगी रोड किंवा विजापूर रोडसारखा रोजच्या सवयीचा रस्ता निवडावा, काचा खाली कराव्यात आणि रेडिओ बंद ठेवावा. बारीक खड्ड्यांवरून सावकाश जाताना पुढून हलकी, सलग खडखड येत असेल, तर बहुतेक वेळा स्टॅबिलायझरची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या बारची) लिंक झिजलेली असते. आवाज त्रासदायक असला तरी हा भाग तुलनेने स्वस्त असून त्यामुळे गाडी लगेच धोक्यात येत नाही. ब्रेक दाबताना एकदा आणि सोडताना पुन्हा एकदा ‘ठक्’ असा जड आवाज येत असेल, तर लोअर आर्मचा मागचा बुश पाहावा, कारण तो फाटला की ब्रेकच्या वेळी चाक किंचित मागे सरकते. तुळजापूरचा घाट उतरताना, वारंवार ब्रेक लागत असल्याने, हा दोष चांगलाच उघडा पडतो. जागच्या जागी स्टेअरिंग पूर्ण फिरवताना स्प्रिंग ‘टणक्’ करून उडी मारत असेल, तर शॉकअपच्या वरच्या माउंटिंगची बेअरिंग अडकत आहे. याउलट, पुणे महामार्गावर ठरावीक वेगालाच स्टेअरिंग थरथरत असेल आणि वेग बदलताच थांबत असेल, तर आधी चाकांचे बॅलन्सिंग तपासावे. पूर्ण वळणावर अॅक्सिलरेटर देताना येणारी ‘कट-कट’ ड्राइव्ह शाफ्टच्या (इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याच्या) जॉइंटची असते. ती सस्पेन्शनची समजून भलतेच भाग बदलले जातात.

आवाजावरून फक्त दिशा कळते. धातूच्या अंगातून तो प्रवास करतो आणि डावीकडचा दोष उजवीकडे ऐकू येतो. म्हणून हाताने खेळ (सांध्यातली ढिली हालचाल) पाहिल्याशिवाय कोणताही भाग बदलू नये, असे माझे ठाम मत आहे. गाडी सपाट जागेवर उभी करावी, इंजिन बंद ठेवावे, किल्ली फिरवून स्टेअरिंगचे कुलूप उघडावे आणि दुसऱ्या व्यक्तीला स्टेअरिंग थोडेसे डावी-उजवीकडे हलवत राहायला सांगावे. चाके जमिनीवर असतानाच टाय रॉडच्या टोकावर बोटे टेकवावीत. जॉइंट चांगला असेल तर त्याच्या दोन्ही बाजू एकत्र हलतात. झिजलेला असेल तर एक बाजू आधी हलते, दुसरी क्षणभर मागे राहते आणि बोटांना बारीक धक्का जाणवतो. तोच धक्का रॅकच्या (स्टेअरिंग फिरवल्यावर डावी-उजवीकडे सरकणाऱ्या दांड्याच्या) रबरी भात्याच्या आत जाणवला, तर रॅक एंड, म्हणजे रॅक आणि टाय रॉड यांच्यातला सांधा, झिजलेला आहे. स्टॅबिलायझरची लिंकही चाके जमिनीवर असतानाच हाताने जोराने हलवून पाहावी, कारण एकच चाक उचलले की स्टॅबिलायझर बारला पीळ बसतो, लिंक ताणली जाते आणि तिचा ढिलेपणा लपतो.

आता चाक उचलावे. हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांच्या दोन्ही बाजूंना दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत आणि जॅकने उचलल्यावर गाडीचा भार मजबूत स्टँडवर ठेवावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोके किंवा हात कधीही घालू नये. चाक घड्याळातील 9 आणि 3 या जागी धरून आत-बाहेर हलवावे. इथला खेळ प्रामुख्याने टाय रॉड आणि रॅककडे बोट दाखवतो. मग 12 आणि 6 या जागी धरून हलवावे. इथे खेळ लागला तर तो बॉल जॉइंटचा की चाकाच्या बेअरिंगचा, हे ठरवण्यासाठी दुसऱ्या व्यक्तीला ब्रेक घट्ट दाबून धरायला सांगावे: खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. बेअरिंगची खात्री करण्यासाठी ब्रेक सोडून चाक हाताने फिरवावे आणि स्प्रिंगच्या बाहेरील बाजूस बोटे हलकी टेकवावीत, म्हणजे आतली खरखर बोटांना कळते. मात्र बोटे वेटोळ्यांच्या मध्ये घालू नयेत. शेवटी लोअर आर्म आणि नकल (चाक ज्यावर बसते तो भाग) यांच्या मध्ये लहान पहार घालून हलका दाब द्यावा आणि बॉल जॉइंट वर-खाली सरकतो का ते पाहावे. काही गाड्यांत स्प्रिंगचा भार खालच्या आर्मवर येतो. अशा गाडीत जॅक चेसिसखाली लावला तर जॉइंट दाबलेलाच राहतो आणि चांगला भासतो, म्हणून तिथे आधार आर्मखाली द्यावा लागतो.

शॉकअप तपासण्यासाठी बोनेटचा कोपरा दाबून सोडण्याची पद्धत सर्वांना ठाऊक आहे, पण तिच्यावर फार विसंबू नये. गाडी दोन-तीनदा डोलत राहिली तर शॉकअप नक्कीच संपला आहे, परंतु डोलली नाही म्हणून तो चांगला आहे असे सिद्ध होत नाही. नळीवर तेलाचा पुसट ओलावा चालतो. तेल ओघळलेले असेल तर एकाच अॅक्सलवरचे दोन्ही शॉकअप बदलावेत. मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असलेल्या गाड्यांत तुटलेले पान आणि शॅकलचे (पाट्याचे टोक धरणाऱ्या कडीचे) बुश पाहिले की काम भागते.

गॅरेजमध्ये काम देताना दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटपर्यंत आवळू नयेत. चाकांवर गाडीचे पूर्ण वजन आल्यावरच अंतिम टॉर्क (आवळण्याचा ठरलेला जोर) द्यावा, नाहीतर बुश कायम पिळलेल्या स्थितीत राहतो आणि नवा असूनही लवकर फाटतो. तसेच बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड यांचे जुने सेल्फ-लॉक नट किंवा जुनी स्प्लिट पिन पुन्हा वापरू देऊ नये. काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्यावी, त्याच ओळखीच्या रस्त्यावर गाडी चालवावी आणि वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप मध्यावर येते का ते पाहावे. ते अडखळत येत असेल, तर नवा जॉइंट किंवा माउंटिंगची बेअरिंग कुठेतरी जड बसली आहे, आणि गाडी त्याच दिवशी परत दाखवावी.